मागच्या खोलीतली रेंज

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय जितेंद्र,

पत्राची सुरुवात दुसऱ्या कुठल्या शब्दाने करतात ते मला कुणी शिकवलं नाही, म्हणून 'प्रिय' लिहिलं आहे. त्याचा फार विचार करू नकोस. तुझ्या ऑफिसचा पत्ता मला त्या खोक्यावर सापडला. टोरंटोला गेल्यावर पहिल्या वर्षी तू आईंना व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवल्या होत्यास, ते खोकं अजून लॉफ्टवर आहे, त्यात दिवाळीचे कंदील ठेवले आहेत. तू अजून त्याच ऑफिसात असशील असं धरून चालले आहे. दुपारचे तीन वाजले आहेत, आईंना आत्ताच झोप लागली आहे आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून लिहिते आहे. हॉलमध्ये बसले तर खुर्ची सरकल्याचा आवाज होतो आणि त्या जाग्या होतात. हल्ली त्यांची झोप फार पातळ झाली आहे.

आधी राउटरबद्दल लिहिते. तुला वाटेल, हिला इतक्या दिवसांनी हेच सुचलं का. पण बाकीचं सगळं त्याच्यामागूनच येतं. तू जायच्या आधीच्या आठवड्यात तो आणला होतास. चार अँटेना, दोन बँड. आईंना समोर बसवून तू समजावलंस की यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पाचची असते ती वेगवान, पण भिंत आली की थकते. दोन पॉइंट चारची असते ती सावकाश, पण लांबपर्यंत पोचते. आईंनी विचारलं होतं, माझ्या खोलीत कुठली येणार? तू म्हणालास, दोन्ही येतील, मी नेटवरूनच फोन करीन, तू फक्त उचलत जा. वायर दाराच्या वरून घरात येत होती म्हणून तू तो दाराशीच ठेवलास, चपलांच्या रॅकवर, लोखंडी कपाटाच्या आडोशाला. आईंची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये हॉलची भिंत, बाथरूम आणि पॅसेज. तेव्हा त्या दिवसभर हॉलमध्येच असायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्या बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तू येऊ शकला नाहीस. ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉल केलास, चार मिनिटं बोललास. घरी आणल्यावर त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. वॉकर कोपऱ्यात उभा असायचा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. आणि मार्चमध्ये मला तुझा मेसेज आला. मी तो पुसलेला नाही. तू परत येणार नाहीस, तिथे तुझं दुसरं घर झालं आहे, कागद वकील पाठवेल, आणि शेवटची ओळ: 'आईला तूच हळूहळू सांग, तुला जमतं.' मी तो कंपनीच्या बसमध्ये वाचला. वालीवला उतरायचं होतं, ते राहूनच गेलं. पुढच्या थांब्यावरून उन्हातून चालत मागे आले, लॅबमध्ये जाऊन रंगाचे नमुने तपासले, दुपारी डबाही खाल्ला. एवढं सगळं झाल्यावर माणूस जेवतो, याचं मला त्या दिवशी नवल वाटलं होतं.

आईंना मी काही सांगितलं नाही. त्या तेव्हा उठून बसायलाही माझा खांदा धरत होत्या. म्हटलं, जरा चालायला लागू देत. मग मे महिन्यात त्यांच्या वाढदिवसाला तू फोन केलास, तो शेवटचा. त्यानंतर रविवार रिकामे जायला लागले. तीन रविवार त्या गप्प राहिल्या. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, 'जितूचा फोन नाही आला गं?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आला होता, आई. तुमच्या खोलीत वायफायची रेंज नाही, म्हणून तुम्हाला लागला नाही. मग त्याने मला केला.' किती सहज निघालं ते. एकदा निघाल्यावर पुढचं काही अवघड नव्हतं. तू त्यांच्या पायाची चौकशी करतोस, तुला सर्दी झाली आहे, तुझ्याकडे बर्फ पडतो आहे, तुला बढती मिळाली. दर रविवारी मी तुला थोडा थोडा तयार करत गेले. खरं सांगू, तू इथे होतास तेव्हाही इतकी चौकशी करत नव्हतास.

एक वर्ष असं चाललं. यंदा जुलैमध्ये त्या एकदम म्हणाल्या, 'मुलाचा फोन लागत नाही म्हणजे लाइनीत दोष आहे. दोष असेल तर तो सापडलाच पाहिजे.' तू विसरला असशील, पण त्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मला म्हणाल्या, रेंज मोजायचं काहीतरी फोनमध्ये असेल, ते घालून दे. मी ते अॅप घालून दिलं. मला वाटलं दोन दिवस बघतील आणि कंटाळतील. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले तर घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. जुन्या कॅलेंडरची पानं कापून, मागच्या कोऱ्या बाजूला आकडा लिहून, पिठाच्या खळीने भिंतीवर लावलेल्या. दाराशी उणे चाळीस, सोफ्यापाशी उणे पंचावन्न, बाथरूमच्या भिंतीशी उणे बहात्तर, आणि त्यांच्या उशीपाशी उणे अठ्ठ्याऐंशी. उणेचा आकडा मोठा होत गेला की रेंज मेली, हे त्यांनीच मला समजावलं. मी त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले, कारण एक चिठ्ठी दाराशी होती. म्हणजे त्या वॉकर घेऊन त्यांच्या खोलीपासून दारापर्यंत आणि परत, एकट्या चालल्या होत्या. चार महिने घरी व्यायाम करून घ्यायला बाई येत होती, तिला जे जमलं नाही ते तुझ्या राउटरने एका दिवसात केलं. त्या सगळ्या दिवसांत मी मन लावून जेवले असेन तर त्याच रात्री.

मग ऑगस्टमध्ये बेसिलला बोलावलं. आपल्या बिल्डिंगला नेट देणारा, नंदाखाल गावचा. पंचावन्नच्या पुढचा असेल, पूर्वी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचा, तू त्याला बघितलं आहेस. वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन आला. त्याने राउटर कुठे आहे ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. 'मावशी, याला कपाटामागे कोंडलाय कोनी? एका बाजूला लोखंड, पुढे बाथरूमच्या भिंतीत पान्याचे पाइप. पानी सिग्नल खातं. तुमच्या खोलीपर्यंत उरनार काय?' आई म्हणाल्या, माझ्या मुलाने ठेवलाय, त्याला घाई होती. बेसिलने नवी वायर टाकून राउटर पॅसेजमध्ये वर, फळीवर नेला. दोन अँटेना उभ्या केल्या, दोन आडव्या. मग बसून आईंना सांगितलं की दोन्ही बँडना एकच नाव असलं की फोन गोंधळतो, पाचच्या मागे धावतो आणि भिंतीपाशी अडकतो, त्यापेक्षा दोघांना वेगळी नावं द्या आणि खोलीतल्या फोनला दोन पॉइंट चारच लावून ठेवा. आईंनी नावं दिली, एकाचं 'जवळ', दुसऱ्याचं 'लांब'. आजूबाजूच्या बावीस घरांचे राउटर एकाच चॅनेलवर बसले होते, म्हणून 'लांब'ला अकरा नंबरच्या चॅनेलवर टाकलं. उशीपाशी आकडा आला उणे एकसष्ट. आईंनी जुनी चिठ्ठी काढून नवी लावली आणि बेसिलला स्वतः उठून चहा केला. दीड वर्षात पहिल्यांदा त्या गॅससमोर उभ्या होत्या. तो शुक्रवार होता. मला दोन दिवसांवरचा रविवार दिसत होता.

शनिवारी सकाळी मी कंपनीत बसून फोनवर राउटरचं अॅप उघडलं आणि 'लांब' बंद करून टाकलं. अर्धा मिनिटही लागलं नाही. संध्याकाळी घरी आले तर आई पॅसेजमध्ये फळीखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, 'लांब दिसत नाही. नुसतं जवळ दिसतंय, आणि ते आत येत नाही.' मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

चार आठवडे, जितेंद्र. चार आठवडे त्या म्हातारीने त्या दोषाचा पाठलाग केला. राउटर बंद करून दहापर्यंत आकडे मोजून पुन्हा चालू केला. अडॅप्टर बदलून बघितला. वायरीची टोकं साफ केली. फ्रिज पॅसेजच्या तोंडाशी होता, तो तिथून सरकवायला लावला. आरशावर चादर टाकली, कारण कुठेतरी ऐकलं की आरसा लहर परतवतो. मी रोज घरी येऊन विचारायचे, सापडलं का, आणि त्या म्हणायच्या, नाही, पण आज हे नाही हे कळलं. मी त्यांना मदत करत होते. स्टूल धरत होते, आकडे लिहून घेत होते. मी त्यांच्यासाठी हे करते आहे, त्यांना धक्का बसू नये म्हणून, असं स्वतःला समजावत होते. ते खरं नव्हतं. तो दोष होता तोवर या घरात कुणी कुणाला सोडून गेलेलं नव्हतं, नुसती रेंज नव्हती. मलाही ते हवं होतं.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी मी दार उघडलं तर त्या स्टूलवर चढायच्या बेतात होत्या. एक पाय वर, एक हात फळीवर, आणि तो खुब्यात सळई घातलेला पाय जमिनीवर थरथरत होता. अँटेना वळवायची होती म्हणे. मी धावत जाऊन त्यांना कमरेला धरलं आणि आम्ही दोघी तशाच खाली बसलो, फरशीवर. त्यांना काही झालं नव्हतं. माझ्यामुळे त्या दुसऱ्यांदा पडल्या असत्या, आणि या वेळी उठल्या नसत्या. इतके दिवस टाळलं होतं, पण त्याच शनिवारी मी स्वतः बेसिलला फोन करून बोलावलं.

त्याने सगळं बाहेरून बघितलं, मग जेवणाच्या टेबलाशी बसून त्याच्या फोनवर सेटिंग उघडली. आई त्याच्या मागे वॉकर धरून उभ्या. त्याचं बोट एका जागी थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग आईंना म्हणाला, 'मावशी, एक बटन बंद पडलं होतं. अपडेट आलं की होतं असं.' त्याने ते चालू केलं. आई उशीपाशी गेल्या आणि तिथून त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला, उणे अठ्ठावन्न. मी बेसिलला जिन्यापर्यंत सोडायला गेले. एका पायरीवर थांबून तो म्हणाला, 'ताई, ते बटन आपलं आपण बंद होत नाही. तुमचं काय आहे ते मी विचारत नाही. पन परत आलो आणि परत बंद दिसलं, तर मावशीला अपडेट नाही सांगनार.' मी म्हटलं, परत बंद होणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईंनी दुपारीच केस धुतले, ती जांभळ्या काठाची साडी नेसल्या, उशीला टेकून बसल्या. सात वाजता म्हणाल्या, आज आपणच लावू, त्याला काय कळणार इथली लाइन सुधारली ते. तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले असतील. त्यांनी बटण दाबलं, स्पीकर लावला, आणि पडद्यावर 'रिंगिंग' आलं. मी दारात उभी होते. ते किती वेळ वाजतं हे मला त्या दिवशी कळलं. आपोआप बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, झोपला असेल, सुट्टी आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. दसऱ्यानंतरच्या रविवारी दोनदा वाजला आणि तू तो कापलास. तुला आठवतंय का, मला माहीत नाही. त्यांनी फोन पालथा ठेवला, साडीचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'बस इथे.'

मी पलंगावर बसले. त्या अगदी शांतपणे बोलल्या, एखाद्या नव्या मुलीला काम शिकवावं तसं. 'ट्रंक कॉलच्या काळात दोन शेरे असायचे, सुरुची. एक, लाइन खराब. दुसरा, पार्टी उचलत नाही. पहिल्याला आम्ही दुरुस्ती खात्याकडे पाठवायचो. दुसऱ्याला कुठे पाठवायचं नसतं. गिऱ्हाईक रडायचं, परत लावा म्हणायचं, आम्ही परत लावायचो. पण कानाला पहिल्याच घंटेला कळतं. मला गेल्या वर्षीच कळलं होतं.' मी विचारलं, मग हे सगळं कशाला केलंत, या चिठ्ठ्या, हा फ्रिज. त्या म्हणाल्या, 'मी कधीही हॉलमध्ये येऊन बसले असते, तिथे रेंज होतीच. तुला हे सुचलं नाही, कारण तू घाबरली होतीस. मला सुचलं होतं. मी आले नाही. पण दर रविवारी तू त्याची एकेक गोष्ट रचून सांगायचीस आणि तुझा चेहरा असा व्हायचा, की मला ते बघवेना. म्हटलं, रेंजच दुरुस्त करू, म्हणजे हिला बोलायला कारण उरणार नाही.' जितेंद्र, मी त्यांच्यापुढे फक्त त्या दिवशी रडले. त्यांनी मला रडू दिलं. त्या रडल्या नाहीत.

तेवढ्यात माझ्या फोनवर तुझा मेसेज आला. दीड वर्षात पहिला. 'आईला सांगितलंस ना? मग ती फोन का करते?' आईंनी विचारलं, कुणाचा? मी आता काही रचायच्या स्थितीत नव्हते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग बोटाने वर सरकवत सरकवत मार्चमधल्या त्या मेसेजपर्यंत गेल्या आणि तोही वाचला. तुझं दुसरं घर, वकील, शेवटची ओळ. मला वाटलं त्या दुसऱ्या घराबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, 'त्याने तुला सांगायला लावलं?' एवढंच. मग परत एकदा, फोन माझ्याकडे देताना, 'तुला?' मी त्यांना चौदा वर्षं ओळखते, पण त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. तू गेलास हे त्यांनी सोसलं असतं. बायका, घरं, देश, हे होतं, त्यांनी एक्स्चेंजमध्ये बसून कितीतरी घरांचं ऐकलं होतं. पण स्वतःचा निरोप दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून तू मोकळा झालास, हे त्यांच्या गळी उतरलं नाही.

त्यानंतर त्या मला जा म्हणायला लागल्या. तू एकोणचाळीसची आहेस, तुझा भाऊ बोलावतोय, माझ्यासाठी एखादी बाई ठेव आणि जा. मी हो हो म्हणत राहिले. मग नोव्हेंबरमध्ये त्यांचे डोळे पिवळे झाले. मला आधी कावीळ वाटली. तपासण्या झाल्या, स्कॅन झालं. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर माझ्याशी बाहेर बोलायला निघाले तर आईंनी त्यांना थांबवलं, म्हणाल्या, निरोप्या नको, मला सांगा. डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन होण्यासारखं नाही, औषधांनी फार फरक पडणार नाही, दोन महिने, फार तर तीन. त्यातला एक महिना आज संपला. त्या आता पॅसेजपर्यंतही येत नाहीत. वेदना कमी करणारा औषधाचा पट्टा खांद्यावर लावते, दर तिसऱ्या दिवशी बदलते. पेज दोन चमचे घेतात, कधी तेवढीही नाही. मी कंपनीतून रजा घेतली आहे. बेसिल एकदा येऊन गेला, नेटचं काही काम नव्हतं, नुसता बसला होता.

तुझं नाव त्या घेत नाहीत असं समजू नकोस. परवा सकाळी अंग पुसत होते, तर म्हणाल्या, जितू बालवाडीत होता तेव्हा दुपारी सांभाळायला कुणी नसायचं, मी त्याला एक्स्चेंजमध्ये घेऊन जायचे. तो बोर्डाच्या टेबलाखाली माझ्या पिशवीवर डोकं ठेवून झोपायचा. वर सगळ्या बायका एकदम बोलत असायच्या, नंबर सांगत असायच्या, तरी याला झोप लागायची. सुपरवायझर आली की मी पाय पुढे घेऊन त्याला झाकायचे. हे सांगताना त्यांना हसू आलं. मग दुखायला लागलं आणि हसू थांबलं.

आता हे का लिहिते आहे ते सांगते. हॉस्पिटलमधून रिपोर्ट घेऊन येताना, चंदनसारच्या नाक्यावर रिक्षा थांबली होती, तेव्हा आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'मी गेल्यावर जितूला कळवायचं नाही. एक निरोप त्याने तुझ्यावर टाकला, हा दुसरा तुझ्यावर नको. अग्नी तू दे. त्याला आईचं काय झालं ते हवं असेल तर तो फोन करून विचारेल, आणि विचारलं तरच सांग. शब्द दे.' मी शब्द दिला, आणि मी तो पाळणार आहे. मेसेज नाही, फोन नाही, भावाकडून नाही, तुझ्या मित्रांकडून नाही, त्या सगळ्यांना मी तसं सांगून ठेवलं आहे. पण शब्द त्या गेल्यानंतरचा होता, आधीचा नव्हता, एवढी एकच फट मला सापडली, आणि महिनाभर विचार करून आज तिच्यातून मी हे पत्र लिहिते आहे. तू ये असं मी म्हणत नाही. तू येशील असं मला वाटत नाही, त्यांनाही वाटत नाही. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला दोन आठवडे लागतात की चार, मला माहीत नाही. पोचल्यावर तू ते उघडशील की नाही, तेही माहीत नाही. तू हे वाचत असशील तेव्हा तुझी आई आहे की नाही, ते तुला ठाऊक नसेल, आणि ते सांगायला इथून कुणीही येणार नाही. या घरातून तुला न विचारता मिळणारी ही शेवटची बातमी आहे.

तुझ्या आईचीच,
सुरुची